अपवर्कवर घरून अकाउंट्सचं काम: माझ्याकडून साडेतीन स्टार

मी सांगलीत बसून परदेशातल्या छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब लिहिते आणि यातली बहुतेक कामं मला अपवर्कवरून मिळालीत. बी.कॉम., मग एका सीएंच्या ऑफिसात टॅलीवर एंट्र्या, मग लेक लहान म्हणून घरी, असा अगदी चारचौघींसारखा प्रवास, त्यामुळे ओळखीत कोणी ना कोणी विचारतंच की हे अपवर्क खरं आहे का, पैसे बुडतात का, किती कापतात. प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाच लिहून टाकतेय.

ज्यांना अजिबातच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. इलान्स आणि ओडेस्क अशा फ्रीलान्स कामांच्या दोन जुन्या साइट्स एकत्र आल्या आणि २०१५ मध्ये त्यांचं नाव अपवर्क झालं. क्लायंट काम टाकतो, आपण प्रपोजल पाठवतो, जमलं तर कॉन्ट्रॅक्ट होतं, पैसे साइटमार्फत येतात आणि साइट त्यातून आपला वाटा कापते. ही कंपनी नोकरी देत नाही. पगार, पीएफ, रजा काही नाही. आमच्या आईंना (सासूबाईंना) अजून वाटतं मी "अमेरिकेच्या कंपनीत" आहे आणि त्या शेजारच्या काकूंना तसंच सांगतात, मी आता दुरुस्त करणं सोडून दिलंय.

आता कापण्याचं बघू, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच. पूर्वी एका क्लायंटच्या पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के, मग १० हजारांपर्यंत १० आणि त्याच्या वर ५ टक्के अशी उतरती फी होती. २०२३ मध्ये सरसकट १० टक्के केली, आणि मे २०२५ पासून नवीन कॉन्ट्रॅक्टला ० ते १५ टक्क्यांच्या मधे कुठेतरी, कामागणिक वेगळी. प्रपोजल पाठवतानाच आकडा दिसतो आणि त्या कॉन्ट्रॅक्टपुरता तो बदलत नाही, एवढं बरंय. आपल्याकडे त्या फीवर वरून १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे समजा १० टक्केवालं काम आहे आणि आठवड्याला २०० डॉलर झाले, तर २० डॉलर फी, त्यावर ३.६० जीएसटी, बँकेत काढताना ०.९९, हातात साधारण १७५. वर गुगलवर दिसणारा डॉलरचा भाव आणि खात्यात पडणारा भाव यात फरक असतोच, तो वेगळाच. पॅन नंबर आधी भरून ठेवा, नाहीतर टीडीएस जास्त दराने कापला जायची कटकट. जुनी उतरती फी मला जास्त पटायची, कारण ज्याच्याकडे वर्षानुवर्षं टिकून काम केलं त्याच्याबाबतीत आपल्याला फायदा मिळायचा, आता जुना काय नि नवा काय, सारखाच.

पण फीपेक्षा जास्त डोकं फिरवतात ते कनेक्ट्स. प्रपोजल पाठवायला कनेक्ट (साइटकडून विकत घ्यायची टोकनं) लागतात, एका कनेक्टला ०.१५ डॉलर, आणि एकेका कामाला ते पुष्कळ लागतात, वरून आपलं प्रपोजल यादीत वर दिसावं म्हणून बोली लावायची सोय आहे. बोली म्हणजे अक्षरशः लिलाव! नवीन माणूस इथेच खचतो. सकाळी उठून दिसेल त्या कामाला प्रपोजल, तेही चॅटबॉटकडून लिहून घेतलेलं, "मी तुमची गरज नीट समजून घेतली आहे" छाप, आणि मग महिन्याच्या शेवटी खिशातून गेलेले पैसे मोजायचे. क्लायंटला यादीत प्रपोजलच्या पहिल्या दोनएक ओळीच दिसतात हो. त्यात तुम्ही स्वतःचं नाव आणि किती वर्षांचा अनुभव हे सांगत बसलात तर संपलं. मी पहिल्याच ओळीत त्याच्या कामातलाच प्रश्न टाकते, म्हणजे "तुमचं बँक फीड कोणत्या महिन्यापासून तुटलंय, आणि मधल्या काळाची स्टेटमेंट्स सीएसव्हीमध्ये मिळतील का". (बँक फीड म्हणजे बँकेचे व्यवहार हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप येणं.) एवढ्यावर उत्तर येतं, कारण समोरच्याला कळतं की या बाईने जाहिरात वाचलीय.

आणि प्रपोजल पाठवायच्या आधी क्लायंटची कुंडली बघा, ती तिथेच असते. पेमेंट व्हेरिफाइड आहे का, आजवर किती खर्च केलेत, टाकलेल्या कामांपैकी किती कामांना खरंच माणूस घेतला, तासाला सरासरी काय देतो, आधीच्या लोकांनी काय लिहिलंय. जो मेसेजमध्ये लगेच "टेलिग्रामवर या" म्हणतो किंवा रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, डिपॉझिट असल्या कुठल्याही नावाने आपल्याकडूनच पैसे मागतो तो चोर, यात चर्चेला जागाच नाही. पीडीएफवरून वर्डमध्ये टाइप करायचे हजार डॉलर कोणी देत नसतं.

मग तीन स्टारच्या वर कशाला देतेय? तर पैसे सांभाळण्याच्या व्यवस्थेसाठी. ही बाजू खरंच चांगली आहे आणि लोक ती नीट वाचत नाहीत.

फिक्स्ड प्राइस कामात क्लायंट आधी पैसे एस्क्रोत, म्हणजे काम होईपर्यंत साइटच्या ताब्यात, भरतो, मग आपण काम सुरू करायचं (भरले नसतील तर हात लावायचा नाही, कितीही गोड बोलला तरी). काम जमा केल्यावर १४ दिवस तो काहीच बोलला नाही तर पैसे आपोआप सुटतात, त्यानंतर पाच दिवस होल्ड. तासावारी कामात त्यांचं एक अॅप चालू ठेवायचं, ते दर दहा मिनिटांत कधीतरी स्क्रीनचा फोटो काढतं आणि कीबोर्ड-माउस किती हलला ते मोजतं. ऐकायला हे फार जाचक वाटतं, वाटूही द्या, पण त्याच नोंदीवर तुमच्या पैशाची हमी उभी असते. क्लायंटचं पेमेंट व्हेरिफाइड असेल, वेळ अॅपने मोजलेली असेल, काय करताय ते मेमोत (छोट्या नोंदीत) लिहिलं असेल आणि आठवड्याला ठरलेल्या तासांच्या लिमिटच्या आत असेल, तर नंतर त्याने कुरकुर केली तरी ते तास धरले जातात. एकदा माझा फोटो नेमका लाइट बिल भरताना निघाला. ती दहा मिनिटं साइटवरच्या कामाच्या डायरीतून (हे फोटो नि तास तिथेच दिसतात) डिलीट करता येतात, अर्थात त्या दहा मिनिटांचे पैसेही जातात. काही हरकत नाही, माझ्या वीजबिलाचे पैसे ऑस्ट्रेलियातल्या माझ्या सुतार क्लायंटने का द्यावेत!

एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगते. अपवर्कचा आठवडा यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) सोमवारी सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेपाचला. मी पहाटे बसणारी, त्यामुळे सोमवारी पाचला सुरू केलेला अर्धा तास मागच्या आठवड्यात जमा होतो, आणि मागच्या आठवड्याचं लिमिट संपलेलं असेल तर तो अर्धा तास गेलाच समजा. तर सोमवारी आधी चहा, मग लॉगिन. आणि तासावारी कामाचे पैसे आठवडा संपल्यावर दहा दिवसांनी काढता येतात, बुधवारी. घरभाड्याची किंवा हप्त्याची तारीख बघून हे गणित आधी मांडा, पहिल्या महिन्यात हमखास ओढाताण होते.

काम कसलं असतं ते विचारतात म्हणून थोडं सांगते. झीरो नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे फार चालतं. त्यात बँक रिकन्सिलिएशनच्या (बँकेचे व्यवहार आपल्या नोंदींशी जुळवायच्या) स्क्रीनवर डावीकडे बँकेची ओळ, उजवीकडे आपली नोंद, जुळली की हिरवं होतं, मधलं ओके दाबायचं. एवढंच असतं तर कोणीही केलं असतं. खरं काम न जुळणाऱ्या ओळींचं. माझा एक क्लायंट सुतारकाम करतो, तो बनिंग्ज या हार्डवेअरच्या दुकानातून १८४ डॉलर ८० सेंटचं सामान घेतो. तिकडे जीएसटी १० टक्के आणि बिलात धरलेला, म्हणजे एकूण रकमेचा अकरावा भाग, १६.८०. झालं? नाही झालं, कारण बिलाचा फोटो मोठा करून बघितला तर लाकूड आणि स्क्रूच्या खाली बागेला पाणी घालायचा पाइप, तो घरचा. तो धंद्याच्या खर्चात घालायचा नाही, मालकाच्या उचलीत टाकायचा, आणि त्याचा जीएसटीही मागायचा नाही. टॅलीवर ज्यांनी ड्रॉइंग्जच्या, म्हणजे याच उचलीच्या, एंट्र्या मारल्यात त्यांना हे शिकवावं लागत नाही, नुसती नावं बदलतात. आपल्याकडचा अनुभव फुकट जात नाही तो असा.

त्यांचं वर्ष जुलै ते जून, आणि दर तिमाहीला बीएएस नावाचं जीएसटी वगैरेचं विवरण. पण ते पैसे घेऊन तयार करायचं नि भरायचं तर तिकडच्या टॅक्स प्रॅक्टिशनर्स बोर्डाकडे नोंदणी लागते, म्हणून आपण हिशेब जुळवून त्यांच्या नोंदणीकृत एजंटच्या हातात द्यायचे आणि तिथे थांबायचं. कोणी क्लायंट "तूच भरून टाक ना" म्हणाला तर नाही म्हणा, प्रोफाइलवरही बीएएस भरून देते असं लिहू नका.

घरून काम करणाऱ्या बाईने देश निवडताना घड्याळ बघावं असं माझं स्पष्ट मत आहे. सिडनी आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे, त्यांच्या उन्हाळ्यात साडेपाच. आपल्याकडे सकाळचे आठ म्हणजे तिकडे दुपारचे साडेबारा किंवा दीड, लेक शाळेत गेली की कॉल उरकतो, दुपारी दोनला माझं दुकान बंद. ब्रिटनचं काम दुपारनंतर सुरू होतं, तेही चालतं. अमेरिकेत पैसे बरे मिळतात पण न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा-साडेसात, ऐन कुकर लावायची वेळ, आणि मग रात्री बारापर्यंत "अजून एक क्विक कॉल". ज्यांच्या घरी दुसरं कोणी कुकर लावतं त्यांनी खुशाल घ्यावं. घरी असते म्हणजे मोकळीच असते असं समजून अख्ख्या बिल्डिंगची पार्सलं आपल्याच दारात येतात, त्यावर अपवर्ककडे काही उपाय नाही, दाराला कडी आणि कानाला हेडफोन हाच इलाज.

काही जणी म्हणतात एकदा क्लायंट मिळाला की साइट सोडून थेट पैसे घ्यायचे, कशाला फी भरायची. नियमाप्रमाणे ओळख झाल्यापासून दोन वर्षं व्यवहार साइटवरच ठेवावा लागतो, आधी बाहेर न्यायचा तर त्याची वेगळी फी असते, आणि लपूनछपून केलं तर अकाउंट बंद होऊ शकतं. अकाउंट बंद म्हणजे तुमचे सगळे रिव्ह्यू आणि जॉब सक्सेस स्कोअर (क्लायंट किती समाधानी राहिले त्याचे टक्के) शून्य. हा स्कोअर ९० च्या खाली गेला तर चांगलं काम करणाऱ्यांना प्रोफाइलवर मिळणारा टॉप रेटेडचा बिल्लाही जातो, आणि बिल्ल्याशिवाय नवीन कामासाठी झगडणं म्हणजे पुन्हा कनेक्ट्सचा लिलाव. मी दोन वर्षं होईपर्यंत कोणालाही बाहेर नेत नाही, नंतर मात्र बोलते.

कोणी घ्यावं? अकाउंट्स, डिझाइन, प्रोग्रॅमिंग, व्हिडिओ एडिटिंग, असं दाखवण्यासारखं एक कसब हातात असेल आणि सुरुवातीचे काही महिने घर दुसऱ्या पगारावर चालत असेल तर जरूर घ्यावं. मी सुरुवातीला दर कमी लावला होता, पण फुकट सॅम्पल कधीच दिलं नाही. सॅम्पल हवंय तर छोटं पैशाचं काम टाक म्हणायचं, खरा गरजू टाकतोच. नुसतं डेटा एंट्री म्हणून येणार असाल तर तिथे अख्खं जग एका डॉलरवरून भांडतंय, त्यापेक्षा गावातल्या चार दुकानांचे जीएसटी रिटर्न बघा, जास्त सुटतील.

स्टारचा हिशेब: एक स्टार कनेक्ट्सच्या लिलावासाठी कापला आणि अर्धा त्या ० ते १५ च्या फीसाठी, ज्यात हा आकडा का आला हे समोर लिहिलेलं नसतं.