रॉजर्सची पाटी, आत गाडीचे स्पीकर

जुने विलायती स्पीकर कवडीमोलाने मिळतायत म्हणून तुम्हाला कुणी फोटो पाठवले असतील, तर टोकन देण्याआधी हे वाचा. माझ्या मामांचे ३८,००० रुपये गेले. पेन्शनमधून बाजूला टाकलेले पैसे होते, आणि ज्या वस्तूसाठी गेले ती त्यांना चाळीस वर्षांपासून हवी होती. म्हणून राग जास्त आहे.

मामा मर्चंट नेव्हीत होते. लंडनला एका मित्राच्या घरी त्यांनी बीबीसीने आखलेला एलएस ३/५ए हा छोटा स्पीकर ऐकला होता. पुस्तकांच्या कपाटात मावेल एवढा डबा, पण त्यातून माणसाचा आवाज ऐकला की माणूस समोर बसून बोलतोय असं वाटायचं, हे त्यांनी आम्हाला असंख्य वेळा सांगितलंय. परवा ग्रँट रोडच्या एका माणसाने ‘रॉजर्स, १५ ओहम, ओरिजिनल जोडी’ अशी जाहिरात टाकली. रॉजर्स ही तो स्पीकर बनवणारी एक कंपनी, आणि १५ ओहम ही त्याची जुनी आवृत्ती. चांगल्या अवस्थेतली खरी जोडी आज लाखाच्या खाली मिळणं कठीण. मामांनी त्याच दिवशी टोकन पाठवलं.

विकणाऱ्याची गोष्ट तयार होती. एका पारशी कुटुंबाच्या घरातून काढलेत, मुलगा कॅनडाला चाललाय, फ्लॅट महिनाअखेर रिकामा करायचाय, दुसरा गिऱ्हाईक संध्याकाळी पैसे घेऊन येतोय. मामांनी मागची फळी उघडून बघू का विचारलं, तर म्हणाला, “काका, कंपनीचं सील आहे. एकदा उघडलं की कलेक्टर अर्धी किंमत पण देत नाही.” हे साफ खोटं आहे. त्या काळच्या १५ ओहमच्या जोड्यांची मागची फळी स्क्रूवर असते, आणि ती स्क्रूवर असते ती उघडता यावी म्हणूनच. पुढे कुठल्याही जुन्या स्पीकरच्या बाबतीत हे वाक्य कानावर पडलं तर तिथून निघा.

चीड येते ती याची, की जगातला सगळ्यात सहज ओळखता येणारा जुना स्पीकर कुठला असेल तर तो हाच. बीबीसीला बाहेरच्या प्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये आवाज पारखायला छोटा मॉनिटर हवा होता, तो त्यांच्याच संशोधकांनी आखला. १९७६ मध्ये त्यावर बीबीसीचा अहवाल निघाला. डबा कशाचा, आतल्या पट्ट्या कुठल्या लाकडाच्या, सगळं ठरलेलं. मग रॉजर्स, चार्टवेल, स्पेंडॉर, ऑडिओमास्टर, हार्बेथ अशा वेगवेगळ्या कंपन्यांनी परवाना घेऊन तो बनवला, पण मूळ मालिकेत पाटी कुणाचीही असो, आत वूफर (जाड आवाजाचा स्पीकर) केईएफ कंपनीचा बी११० आणि ट्वीटर (बारीक आवाजाचा) केईएफचाच टी२७. आत दुसरं काही निघालं की विषय संपला. म्हणूनच त्या माणसाला झाकण उघडू द्यायचं नव्हतं.

मामांनी जोडी घरी आणली आणि मला बोलावलं. मी जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो, त्यामुळे मीटर आणि पाने घेऊनच गेलो. डबा उचलला तेव्हाच हाताला खटकलं. खरा नग सुमारे पाच किलोचा भरतो, हा त्याच्या निम्म्याने होता. मागे दोन्ही डब्यांवर एकच अनुक्रमांक. रॉजर्सच्या जोडीत एकच आकडा असला तरी एकापुढे ए आणि दुसऱ्यापुढे बी असतो. इथे एकाच पाटीच्या दोन प्रती काढून चिकटवल्या होत्या, आणि अक्षरांच्या कडा फोटोकॉपीसारख्या फुटलेल्या. वायर जोडायला सोनेरी मुलाम्याचे जाडजूड टर्मिनल, प्लॅस्टिकच्या वाटीत बसवलेले. १५ ओहमच्या जोड्यांवर साधी ४ मिलिमीटरची सॉकेट असतात, फळीतच.

मग मीटर लावला. स्पीकरचा मीटरवरचा रोध त्याच्या लिहिलेल्या ओहमपेक्षा थोडा कमीच दिसतो, हे चालतं. पाटीवरचा १५ हा सगळ्या डब्याचा मिळून आकडा; आतला बी११० हा ८ ओहमचा वूफर, त्यामुळे सहाच्या वर आकडा हवा. मीटरवर ३.४ आला. पाटी म्हणते १५, आत ४ ओहमचा माल. मामा शेजारी उभे होते, त्यांना मी काही बोललो नाही. आधी स्क्रू काढले.

आत पांढरा कापूस कोंबलेला होता, उशीत भरतात तो. तो बाजूला केल्यावर मोटारीच्या दारात बसतो तसला कागदी शंकूचा स्पीकर दिसला, वरून काळा चकचकीत रंग मारलेला. बी११०चा शंकू बेक्स्ट्रीन नावाच्या प्लॅस्टिकचा असतो आणि त्यावर चकाकणारा लेप असतो, त्याची नक्कल करायला हा रंग. काठाला नवा कोरा फोम. खऱ्याच्या काठाला रबर असतं, आणि शिवाय इतक्या वर्षांचा फोम मुंबईच्या हवेत टिकतच नाही, बोट लावलं की भुगा होतो. चुंबकावर केईएफची छापील चकती चिकटवली होती. नखाने उचलली तर खाली मूळ छाप घासून काढल्याच्या रेघा.

सगळ्यात वाईट वाटलं ते क्रॉसओव्हरच्या, म्हणजे जाड आणि बारीक आवाज वेगळे करून वूफर-ट्वीटरला वाटून देणाऱ्या सर्किटच्या जागी. खऱ्या डब्यात मागच्या बाजूला सर्किटची एक भरगच्च पाटी असते, एफएल ६/२३ नावाची, ट्रान्सफॉर्मरसारख्या लोखंडी गाभ्याच्या कॉइल, एकीला ट्वीटरची पातळी जुळवायला बरेच टॅप, म्हणजे मधून काढलेली टोकं. बीबीसीच्या लोकांचं अर्धं कसब त्या पाटीत आहे. इथे ट्वीटरच्या टोकाला डाग देऊन एक कंडेन्सर लटकवला होता. बस. डबाही एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचा, वर लाकडी रेघांचा स्टिकर. खरा डबा १२ मिलिमीटरच्या बर्च प्लायवूडचा, आतून जड डांबरी थरांनी दाबलेला, कोपऱ्यांत बीच लाकडाच्या पट्ट्या. वजन तिथूनच येतं.

ऐकताना कळलं नाही का, असं मला काहींनी विचारलं. ऐकवणंसुद्धा ठरवूनच केलेलं होतं. त्याने जुन्या जपानी रिसीव्हरवर लाउडनेस (बास फुगवणारं बटण) चालू ठेवून सिनेमाचं गाणं जोरात लावलं. खोली दणाणली. एलएस ३/५ए दणाणत नाही, एवढ्याशा डब्यात खोल बास असणारच नाही. त्याची परीक्षा घ्यायची तर लाउडनेस बंद करायला लावा आणि निवेदनाची, बातम्यांची किंवा नुसत्या बोलण्याची ध्वनिफीत लावा, कमी आवाजात. तो बनलाच त्यासाठी आहे.

या एका मॉडेलपुरतं हे नाही. टॅनॉय कंपनीच्या मोठ्या डब्यांतून आतले मूळ ‘मॉनिटर गोल्ड’ स्पीकर काढून विकतात आणि रिकाम्या जागी काहीही बसवून डबा ‘टॅनॉय’ म्हणून पुन्हा विकतात, तेव्हा मागून चुंबकाचं झाकण आणि पाटी बघितल्याशिवाय काही ठरवू नका. फिलिप्सच्या स्पीकरवर एडीने सुरू होणारा क्रमांक असतो, त्यात टी म्हणजे ट्वीटर आणि शेवटचा आकडा ओहमचा: एडी ०१६०/टी८ म्हणजे ८ ओहमचा ट्वीटर. फिलिप्सच्याच ९७१० मध्ये ८०० ओहमचा एक प्रकार आहे, व्हॉल्व्हच्या विशिष्ट सेटसाठी बनवलेला. तो अस्सल असतो, पण तुमच्या ॲम्प्लिफायरला त्याचा काही उपयोग नाही, आणि विकणारे हे सांगत नाहीत. अमेरिकी स्पीकरच्या चौकटीवर आकड्यांचा शिक्का असतो. पहिले तीन आकडे कंपनीचे, जेन्सनचे २२०, युटाचे ३२८, आणि शेवटचे दोन वर्षातल्या आठवड्याचे. ते ५२ च्या वर गेले तर शिक्का खोटा किंवा तुम्ही चुकीचा आकडा वाचताय.

आणि नव्याने बनलेले एलएस ३/५ए सुद्धा बाजारात आहेत, परवाना घेऊन रीतसर बनवलेले. कुणी ते नवे म्हणून विकत असेल तर तो चोर नव्हे. चोर तो, जो नक्कल करून १९७८ सांगतो.

आमचं पुढे असं झालं. टोकन यूपीआयने गेलं होतं ते तिसऱ्याच माणसाच्या नावावर. उरलेले पैसे रोख, पावती नाही. फोन दुसऱ्या दिवसापासून बंद. ती खोली भाड्याची निघाली आणि पारशी कुटुंब त्या इमारतीत कधी राहिलंच नव्हतं, हे वॉचमनने सांगितलं. आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली अर्ज दिला. तिथल्या हवालदारांनी पहिलं विचारलं ते संभाषणाचे स्क्रीनशॉट आणि जाहिरातीची प्रत. जाहिरात तोवर काढून टाकलेली होती, मामांच्या फोनमध्ये फोटो राहिले म्हणून निभावलं. तेव्हा जाहिरात दिसल्याक्षणी जपून ठेवा, ‘ओरिजिनल’ हा शब्द समोरच्याकडून लेखी घ्या, आणि फसवलेला माल रागाने फेकू किंवा परत देऊ नका. तोच पुरावा आहे. आमचे डबे उघड्या अवस्थेत, चकतीसकट, तसेच ठेवलेत.

गेल्या आठवड्यात तेच फोटो पुन्हा दिसले, दुसऱ्या नावाने, या वेळी पुण्याचा पत्ता आणि किंमत ४२,०००. फोटोत मागे निळी जाळीची खिडकी आहे, उजव्या डब्याच्या वरच्या कडेला स्टिकर सोलून पांढरा कोपरा दिसतो. तुमच्यापैकी कुणाला ही जोडी दाखवली गेली असेल तर स्क्रीनशॉट घ्या आणि १९३० वर कळवा. आमच्या अर्जाला त्याची जोड मिळेल.