पोटाच्या जुन्या पेशंटला कॅन्सर निघाला तर इथे या, पण जुनी फाईल घेऊन या

चार स्टार देतेय. पाचवा कुठे गेला ते खाली बिलाच्या भागात कळेल. आधीच सांगते, हा रिव्ह्यू लसी, नखं, ग्रूमिंग वगैरेसाठी नाहीये, त्यासाठी मी इथे कधी आलेच नाही. हा फक्त पुण्यातल्या या प्राण्यांच्या दवाखान्यातल्या कॅन्सर ओपीडीबद्दल आहे आणि तोही ज्यांच्या कुत्र्याचं पोट वर्षानुवर्षं बिघडलेलं आहे आणि आता त्यात हे नवीन निघालंय अशा लोकांसाठी, कारण साध्या धडधाकट कुत्र्याचा कॅन्सर आणि आमच्यासारख्यांचा कॅन्सर यात खूप फरक पडतो आणि तो फरक कळणारा डॉक्टर आम्हाला इथेच भेटला.

आमचा तात्या. लॅब्रॉडर, नववं चालू. चौथ्या वर्षापासून आयबीडी, म्हणजे आतड्याला कायमची सूज. उलट्या, जुलाब, मधेच चार महिने एकदम मस्त, मग कोणीतरी पाहुणा प्रेमाने बाकरवडी चारणार की परत सगळं पहिल्यापासून. चिकन बंद, दूध बंद, हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं महागडं खाणं, बी-१२ ची इंजेक्शनं आणि वायसोलोन, म्हणजे स्टिरॉइडची गोळी, कधी कमी कधी जास्त. ज्यांच्या घरी असा कुत्रा आहे त्यांना माहितीये, आपण घरबसल्या अर्धे डॉक्टर झालेले असतो. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात तो बारीक व्हायला लागला तेव्हा सगळ्यांचं एकच, पोट बिघडलंय. आम्ही नेहमी जायचो त्या क्लिनिकमध्येही तेच, डोस वाढवा, पंधरा दिवसांनी या. डोस वाढवला, दोन आठवडे बरा होता, परत घसरला. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा तिथल्याच एका ज्युनिअर मॅडमनी हळूच इथलं नाव दिलं.

इथे पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तात्याला हात लावायच्या आधी फाईल मागितली. मी एवढा गठ्ठा टेबलावर ठेवला, मला वाटलं वरचा कागद बघतील आणि नवीन टेस्ट लिहून देतील. नाही. एका कोऱ्या कागदावर त्यांनी तारखा लिहिल्या, प्रत्येक तारखेसमोर वजन आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन). अल्ब्युमिन ३.१, मग २.९, परत ३, आणि मग २.६, २.२. वजन ३४ वरून २७. पेनाने एका जागी आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "ताई, इथपर्यंत त्याचं पोट आहे. इथून पुढे मला पोट वाटत नाही." सोनोग्राफी व्हायच्या आधी. तो कागद अजून फाईलमध्ये आहे.

मग एक प्रश्न विचारला जो इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. "याचा नेहमीचा वाईट दिवस कसा असतो?" म्हणजे किती वेळा उलटी, पिवळी की अन्नाची, शी कशी, खायला नको म्हणतो म्हणजे वास घेऊन नको म्हणतो की उठतच नाही. मी आणि सासूबाई दोघी मिळून बोलत होतो आणि ते सगळं लिहून घेत होते. तेव्हा कळलं नाही याचा उपयोग काय, नंतर कळला, पुढे लिहिते.

सोनोग्राफी तिथेच, त्याच दिवशी. स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवली. आतड्याच्या भिंतीला थर असतात, निरोगी आतडं आडवं कापल्यासारखं दिसतं तेव्हा एकाआड एक काळ्यापांढऱ्या रेघा दिसतात, डॉक्टर म्हणाले बाकरवडीचे वेटोळे दिसतात ना तसं (तात्याच्या केसमध्ये बाकरवडीच काढली, आम्ही एकमेकींकडे बघितलं). आयबीडीत भिंत जाड होते पण थर बहुतेक टिकून राहतात. तात्याच्या एका भागात थरच नव्हते, सगळं करडं. आणि बाजूच्या लिम्फ नोड्स सुजून मोठ्या झालेल्या. तिथूनच बारीक सुईने पेशी काढल्या, भूल द्यावी लागली नाही, थोडंसं गुंगीचं औषध. रिपोर्ट चौथ्या दिवशी, आतड्याचा लिम्फोमा, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, मोठ्या पेशींचा.

इथे एक गोष्ट लिहून ठेवते कारण आम्हाला ती आधी कोणी सांगितली नव्हती. स्टिरॉइड लिम्फोमाच्या पेशींनाही मारतं. म्हणून वायसोलोन चालू असलेल्या कुत्र्याला थोडे दिवस बरं वाटतं, आणि नंतर बायोप्सी केली तर चित्र धूसर येऊ शकतं, वर पुढे केमोला दाद कमी मिळायचीही शक्यता असते. म्हणून पोटाच्या पेशंटला स्टिरॉइड सुरू करायच्या किंवा वाढवायच्या आधी एकदा नीट सोनोग्राफी आणि गरज असेल तर बायोप्सी, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. विचारा म्हणतेय, स्वतःच्या मनाने वायसोलोन बंद करू नका, ते एकदम थांबवणंही धोक्याचं असतं.

मी विचारलं, मग इतकी वर्षं हा कॅन्सरच होता का आणि सगळे पोट समजत बसले? डॉक्टर म्हणाले की सूज वर्षानुवर्षं राहिली त्यातून हे झालं का दोन वेगळे आजार आहेत हे आता मागे जाऊन कोणीच सांगू शकणार नाही, आणि जो छातीठोकपणे सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आधीच्या डॉक्टरांना नावं ठेवली नाहीत. पेशी लहान असत्या तर आयबीडी की लिम्फोमा हे सुईने कळलंच नसतं, बायोप्सी करून पुढच्या टेस्ट लागल्या असत्या, आणि अल्ब्युमिन २.२ असताना पोट उघडून आतड्याचा तुकडा घेतला तर टाके गळायची भीती. तेवढं तरी आमचं वाचलं.

आता उपचार. नेटवर तुम्ही लिम्फोमा वाचाल तर चॉप प्रोटोकॉल म्हणून सापडेल, केमोची चार औषधं मिळून, साधारण १९ ते २५ आठवडे, आणि साधारण वर्षभर मिळतं असं लिहिलेलं असतं. ते वाचून आम्ही खूश होऊन आलो होतो. डॉक्टरांनी लगेच सांगितलं की तो आकडा गळ्याजवळच्या, गुडघ्यामागच्या गाठी सुजतात त्या प्रकारचा आहे. आतड्यातल्या मोठ्या पेशींच्या लिम्फोमात काही महिनेच धरून चाला, काही कुत्रे जास्त काढतात पण त्यावर हिशोब करू नका. नुसतं स्टिरॉइड दिलं तर महिना-दोन महिने. बरं होणं हा पर्याय कुठल्याच रांगेत नव्हता. हे सगळं त्यांनी सासूबाईंसमोर सांगितलं, मला आधी वाटलं त्यांना बाहेर बसवायला हवं होतं, पण नंतर निर्णय घेताना घरात दोन माहित्या नव्हत्या, एकच होती, ते बरं झालं. आणि तिथल्या तिथे हो म्हणायला लावलं नाही. घरी जा, दोन दिवस घ्या, म्हणाले.

आम्ही केमो घेतली. पहिला डोस मुद्दाम कमी ठेवला, कारण गाठ आतड्याच्या भिंतीतच असते आणि ती पटकन विरघळली तर तिथे भोक पडू शकतं, आणि व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाने आतड्यांची हालचालही मंदावते, आमच्याकडे ती आधीच रामभरोसे.

केमोच्या दिवशीचं काम बघण्यासारखं आहे. हे औषध शिरेबाहेर सांडलं तर आतलं मांस जळतं, त्यामुळे इथले टेक्निशियन दादा घाई करत नाहीत. पुढच्या पायावरचे केस मशीनने काढले, सुई एकदाच, पहिल्या झटक्यात लागली तरच ती शीर वापरायची, नाही लागली तर दुसरा पाय. मग सलाईन सोडून बघितलं, सिरिंज मागे ओढून रक्त येतंय का बघितलं, मग औषध, मधे परत एकदा रक्त बघितलं, मग परत सलाईन. तोपर्यंत दुसरे दादा तात्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्याशी चक्क मालवणीत बोलत होते. तात्या हलला नाही. हाच तात्या घरी कान साफ करायचे तर सोफ्याखाली.

शेजारच्या काकूंनी विचारलं टक्कल पडेल का. नाही पडत, लॅबला तरी नाही. पूडल, शिह-त्झू असे सतत केस वाढणारे असतील तर विरळ होतात. आमच्याकडे मिशा गळल्या थोड्या आणि पायावरचा भादरलेला चौकोन अजून तसाच आहे.

घरी आल्यावर काय करायचं याचा मराठीत छापलेला कागद देतात, त्याला वेगळा अर्धा स्टार द्यायची सोय असती तर दिला असता. तीन दिवस शी-शू उचलताना ग्लोव्हज, गरोदर बाई आणि लहान मुलं लांब, आठवड्याच्या आसपास पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात तेव्हा थर्मामीटर हाताशी, १०३.५ च्या वर गेलं तर रात्र असली तरी फोन. पुढच्या डोसआधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, काउंट कमी असेल तर डोस पुढे ढकलतात आणि त्यासाठी उगाच वाद घालत नाहीत.

आणि आता तो पहिल्या दिवसाचा प्रश्न. केमोनंतर दोन-तीन दिवसांनी जुलाब होतात, उलटी होते, खाणं कमी होतं. आयबीडीतही हेच होतं. कॅन्सर वाढला तरी हेच. मग तात्याने मंगळवारी सकाळी पिवळी उलटी केली तर ती कोणाची? घरात प्रत्येकाचं वेगळं मत. डॉक्टरांनी १ ते ७ चा शीचा तक्ता दिलाय, १ म्हणजे दगड, ७ म्हणजे पाणी, आणि तो आकडा रोज लिहायचा. आमच्याकडे तो कालनिर्णयवर लिहितात, संकष्टीच्या खाली ५, गुरुपुष्यामृत ३. नवरा ऑफिसमधून फोन करून आधी "आज किती?" विचारतो, बाकी चौकशी नंतर. पण याचा उपयोग झाला. दुसऱ्या डोसनंतर सलग ६ आले तेव्हा मी घाबरून फोन केला, डॉक्टरांनी त्या जुन्या नोंदी काढून विचारलं, खायला उठतोय का, वास घेतोय का, तुम्ही म्हणाला होतात त्याच्या नेहमीच्या वाईट दिवशी तो वाटीपर्यंत येऊन परत जातो. आज येतोय? येत होता. मग अॅडमिट नाही, उलटीसाठी एमसेट आणि दोन दिवस हलकं खाणं, तिसऱ्या दिवशी ४. दुसरीकडे कुठे एवढ्यावर सलाईन लावून रात्रभर ठेवून घेतलं असतं, असं मला वाटतं.

खाण्याचं. व्हॉट्सॲपवर सल्ले येणारच, भात बंद करा कॅन्सरला साखर लागते, कच्चं मांस द्या, हळदीची पेस्ट, गोमूत्र. डॉक्टरांचं उत्तर सरळ, ज्या खाण्यावर याचं पोट टिकलंय ते केमो चालू असताना बदलायचं नाही, आणि पांढऱ्या पेशी खाली असताना कच्चं मांस तर अजिबात नाही. सासूबाईंनी विचारलं, "डॉक्टर, थोडा ताकभात?" तर म्हणाले, "आजी, भात चालेल, ताक तुम्ही घ्या."

आता तक्रारी. एस्टिमेट आणि बिल यांचा एकमेकांशी संबंध नाही. केमोची औषधं माणसांचीच असतात, ती त्या मानाने स्वस्त पडतात, पण सुई, सलाईन, सीबीसी, कन्सल्टेशन, "प्रोसिजर चार्ज" आणि "हँडलिंग" मिळून एस्टिमेटच्या दीडपट होतं, आणि हँडलिंग म्हणजे काय विचारलं तर काउंटरवरचा मुलगा कॉम्प्युटरकडे बघतो. डॉक्टर एवढं उलगडून सांगतात आणि काउंटरवर गप्प, हे काही बरोबर नाही. आधीच पूर्ण यादी लिहून मागा. इन्शुरन्सवर विसंबून राहू नका, जुना आजार म्हणून पोटाचं सगळं वगळलेलं असतं आणि कॅन्सर आतड्यात निघाला की वाद तिथेच सुरू होतो.

अपॉइंटमेंटची वेळ म्हणजे नुसती प्रार्थना, तासभर धरून चला. वेटिंगमध्ये मांजरं आणि कुत्री एकत्र, पांढऱ्या पेशी कमी असलेल्या कुत्र्यांना वेगळी जागा हवी. आम्ही आता गाडीतच थांबतो आणि ते फोन करतात, पण हे मागितल्यावर. आणि नाव पुकारताना जरा कुत्र्याचं म्हणून पुकारत जा हो, "तात्या, आत या" म्हटल्यावर एक पगडी घातलेले आजोबा उठून निघाले होते, त्यांच्या पोपटाची अपॉइंटमेंट होती.

सध्या तात्या २८ किलो, सोनोग्राफीत नोड्स लहान झाल्यात, भिंत अजून जाड आहे. पुढचं केमोचं औषध डॉक्सोरुबिसिन, त्याआधी हार्टचा इको करायचाय. वाईट दिवस चांगल्यांपेक्षा जास्त व्हायला लागले की थांबायचं हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलंय, त्यांनीच काढला तो विषय, आम्हाला काढावा लागला नाही.

मुंबईवाल्यांनी एवढ्या लांब पुण्याला यायच्या आधी परळचं बैलघोडा हॉस्पिटल आणि तिथलंच वेटर्नरी कॉलेज बघा, महालक्ष्मीला टाटांचं नवीन हॉस्पिटलही २०२४ पासून सुरू झालंय, दर आठवड्याला एक्सप्रेसवे पोटाच्या कुत्र्याला झेपत नाही.

पार्किंग नाही. रिक्षावाले कुत्रा बघून नाही म्हणतात, जुनी चादर दाखवली की काही जण हो म्हणतात. शीचे फोटो रिसेप्शनच्या व्हॉट्सॲपवर पाठवू नका, तो नंबर ग्रूमिंगवाल्यांचा आहे आणि तिथली मुलगी फार चिडते. असिस्टंट डॉक्टरांचा वेगळा नंबर आहे, पहिल्याच दिवशी मागून घ्या.