रम्पोल की बॉस्टन लीगल?

कोर्टातली गंमत पाहायची तर माझं मत आधी ‘रम्पोल ऑफ द बेली’ला. १९७८ ते १९९२ या काळातली ही ब्रिटिश मालिका. लेखक जॉन मॉर्टिमर स्वतः बॅरिस्टर, त्यामुळे उलटतपासणी खरी वाटते. लिओ मॅकर्नने रंगवलेला वकील रम्पोल म्हणजे सुटलेलं पोट, जुनाट विग, कोटावर चिरुटाची राख आणि तोंडात वर्ड्‌सवर्थच्या ओळी. सरकारी बाजूने उभं राहायचं नाही हा त्याचा बाणा. भुरट्या चोऱ्या करणारं टिमसन खानदान त्याचं हक्काचं अशील. भर कोर्टात न्यायाधीशाला टोमणे मारणारा हा गडी घरी बायकोसमोर मात्र भिजलेलं मांजर! (हसताना काही नवऱ्यांना ठसका लागत असणार.)

‘बॉस्टन लीगल’ २००४ ते २००८ची, अमेरिकन आणि चकचकीत. वकिलांची मोठी फर्म, महागडे सूट, जेम्स स्पेडरची लांबलचक भाषणं. ऐकायला झकास, पण पुराव्यापेक्षा भाषणावरच भिस्त जास्त. तरी भागाच्या शेवटी येणारा बाल्कनीतला प्रसंग चुकवू नका: स्पेडरचा ॲलन शोअर आणि विल्यम शॅटनरचा डेनी क्रेन, हातात स्कॉच, सिगारचा धूर, दोन मित्रांच्या गप्पा. तेवढ्यासाठी मी कित्येक रटाळ खटले सोसलेत.