चेन ल्यूब: तीन डबे, एक बाटली आणि ढीगभर चिंध्या

मोटरसायकलच्या चेनला ल्यूब, म्हणजे वंगण, कुठलं मारू असं कुणाला विचारलं की दहा जण दहा डबे सांगतात आणि अकरावा म्हणतो अरे जळकं ऑइल मार, काही होत नाही. मी त्यातले तीन डबे आणि एक बाटली वापरून बसलोय, सगळं एकाच गाडीवर, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. मेकॅनिक नाहीये मी, रोज गाडी चालवतो एवढंच, पण एक चेन मी काळजी घेऊन घेऊन मारलीय. तो अनुभव फुकट जाऊ नये. कंपन्यांची नावं घेत नाही, प्रकारावर बोलतो.

तर सुरुवात पांढऱ्या स्प्रेपासून. जाड, चिकट, फेसासारखा बाहेर येतो आणि मग दह्यासारखा बसतो. पहिल्यांदा मारला तेव्हा काय खूश झालो होतो मी! चेन एकदम शोरूममधल्या गाडीसारखी, रिमवर एक थेंब नाही, दुसऱ्या दिवशी बघितलं तरी पांढरी पट्टी जशीच्या तशी. मग काय, दर चारपाचशे किलोमीटरला एक हात फिरवायचा. साफ वगैरे करायची गरजच वाटायची नाही कारण दिसायलाच इतकं छान दिसायचं, आणि थोडी काळी दिसायला लागली की वरून परत पांढरं मारायचं, झालं. असं बरेच महिने चाललं. मग गाडी ढकलताना चेनमधून कटकट असा आवाज यायला लागला, मी म्हटलं सुकली असेल, अजून मारा.

शेवटी पुढच्या स्प्रॉकेटचं, म्हणजे चेन ज्या दातेरी चाकावर फिरते त्याचं, कव्हर उघडलं. आत काय होतं ते सांगतो, काळा गोळा. डांबर आणि वाळू कालवून कुणीतरी हाताने थापल्यासारखा, स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढावा लागला. आणि चेनमध्ये सातआठ लिंक अशा जाम झालेल्या की स्प्रॉकेटवरून सुटल्यावर पण वाकलेल्याच राहत होत्या. मागच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला झुकून माशाच्या पंखासारखे झाले होते. सगळा सेट बदलला. चूक डब्याची होती का? अर्धी. अर्धी माझी, कारण डब्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की आधी चेन साफ करा, आणि ती ओळ कुणीही वाचत नाही.

त्यानंतर मी जरा डोकं लावून बघितलं की चेनमध्ये ल्यूब नेमका करतो काय. आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते, माझी पण झाली होती.

चेनची लिंक म्हणजे पिन, तिच्यावर बुश म्हणजे छोटी पोकळ नळी, बुशवर फिरणारा रोलर, आणि बाजूला पट्ट्या. बुश असलेली ही रोलर चेन हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टरला काढली, आणि तेव्हापासून मूळ रचना तीच आहे. खरा लोड येतो पिन आणि बुशच्या मध्ये, चेन स्प्रॉकेटवर चढताना उतरताना तिथेच ती वाकते. लोक म्हणतात ना चेन ताणली गेली, तर पट्ट्या ताणल्या जात नसतात, पिन आणि बुश झिजतात, प्रत्येक जोडात किंचित फट पडते आणि शंभर सव्वाशे जोडांची मिळून चेन लांब होते. आता ओ-रिंग किंवा एक्स-रिंगवाल्या चेनमध्ये या पिन आणि बुशच्या मधलं ग्रीस कारखान्यातच भरून दोन्ही बाजूंनी रबराच्या रिंगने बंद केलेलं असतं. म्हणजे तुम्ही बाहेरून अमृत मारलं तरी ते तिथे पोचत नाही. पोचायला नकोच आहे! जे बाहेरून आत जाऊ शकतं त्याच वाटेने आतलं ग्रीस बाहेर पण येऊ शकतं.

मग बाहेरून मारायचं कशाला? तीन कामं आहेत. रबराच्या रिंगा कोरड्या पडू नयेत, लोखंडाला गंज लागू नये, आणि रोलर जिथे बुशवर फिरतो आणि स्प्रॉकेटच्या दाताला टेकतो तिथे एक पातळ थर असावा. बस. या तिन्हीपैकी एकाही कामाला जाड थर लागत नाही. त्यामुळे डब्यावरच्या 'खोलवर शिरतो'वर मी ओ-रिंग चेनसाठी आता लक्ष देत नाही, आणि 'घट्ट चिकटून राहतो' वाचलं की मला तो काळा गोळा आठवतो. जे चेनला चिकटतं ते धुळीलाही चिकटतं, आणि तेल अधिक वाळू म्हणजे धातू घासून काढायची पेस्ट झाली.

साधी चेन, म्हणजे रिंगा नसलेली, बऱ्याच छोट्या गाड्यांना असते, तिथे मात्र उलटा हिशेब आहे. तिथे तेल आत पिनपर्यंत जायलाच पाहिजे, म्हणून पातळ लागतं आणि वारंवार लागतं. तुमची कुठली आहे ते आधी बघा, आतल्या आणि बाहेरच्या पट्टीच्या मध्ये काळी रबरी रिंग दिसते का. हे बघितल्याशिवाय डबा घेऊ नका.

दुसरा डबा पारदर्शक स्प्रे. हा मारताना पाण्यासारखा पातळ असतो, कारण त्यात सॉल्व्हंट असतं जे ल्यूबला सांध्यांपर्यंत घेऊन जातं आणि मग उडून जातं, मागे चिकटसर थर राहतो. याची सगळी मेख 'मग'मध्ये आहे. मी सकाळी घाईत मारून लगेच निघायचो आणि संध्याकाळी रिमवर, नंबरप्लेटवर, पँटवर ठिपके, मग शिव्या डब्याला. अरे सॉल्व्हंट उडायला वेळ तर द्या. रात्री घरी आल्यावर मारला आणि सकाळपर्यंत गाडी उभी ठेवली तर हाच डबा एकदम शहाणा वागतो. माझ्याकडे पाचसहाशे किलोमीटर आरामात टिकतो, एखाददुसऱ्या पावसातसुद्धा चेन तांबूस होत नाही. पारदर्शक असल्यामुळे चेन घाण झाली की घाणच दिसते, हा मला फायदाच वाटतो, पांढऱ्याने माझे डोळे झाकले होते.

तेल उडण्याबद्दल एक गणित सांगतो, बोअर झालं तर सोडून द्या. समजा पुढे १५ दात, मागे ४५, पिच, म्हणजे दोन पिनमधलं अंतर, ५/८ इंच, चाकाचा घेर साधारण २ मीटर. ८० च्या स्पीडला चेन धावते जवळजवळ ८ मीटर सेकंदाला, आणि पुढच्या स्प्रॉकेटवर तिला जेमतेम ३८ मिलिमीटर त्रिज्येत वळायचं असतं. तिथे तेलाच्या थेंबावर बाहेरच्या दिशेला त्याच्या वजनाच्या दीडशेपटीहून जास्त ओढ बसते. दीडशेपट! तर मग कुठलाही जाड थेंब तिथे टिकणारच नाहीये, ब्रँड कुठलाही असो. टिकतो तो फक्त पातळ थर, आणि बाकीचं तुम्ही स्वतः फडक्याने पुसलं नाही तर चेन तुमच्या रिमवर पुसणार. म्हणून ल्यूब उडतो अशी तक्रार वाचली की मी आधी विचारतो, मारल्यावर पुसलं होतं का? निम्मे लोक गप्प बसतात.

तिसरा वॅक्स, म्हणजे मेणाचा स्प्रे. दिसायला सगळ्यात स्वच्छ, हात लावला तरी बोट काळं होत नाही, धूळ फार धरत नाही. पण चेन गरम असताना मारावा लागतो, नाहीतर वरवर बसतो आणि पापुद्रे निघतात, आणि मोठ्या पावसानंतर माझ्या चेनवर तो होता की नव्हता असं झालं. कोरड्या हवेत, धुळीच्या रस्त्यावर चालवणाऱ्यांनी जरूर बघा. मी अर्धा डबा वापरून ठेवून दिला, अजून आहे कपाटात.

आणि आता बाटली. नव्वद नंबरचं गिअर ऑइल. हे ऐकून लोक नाक मुरडतात, जुन्या काळचा उपाय म्हणून, पण जरा गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल उघडून बघा, कित्येक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये चेनसाठी एसएई ८० किंवा ९० (हे तेलाच्या जाडपणाचे नंबर) गिअर ऑइलच लिहिलेलं सापडतं. गिअर ऑइलमध्ये गिअरचे दात एकमेकांवर जोरात घासले तरी धातू वाचावा म्हणून गंधक-फॉस्फरसवाले ॲडिटिव्ह असतात, तो जो कुबट वास येतो ना तो त्याचाच. चेनचा रोलर आणि स्प्रॉकेटचा दात, काम जवळपास तेच. ओ-रिंगला त्रास नाही. चिकट थर साचत नाही, उलट जे उडतं ते बरोबर थोडी घाण पण घेऊन जातं, आणि पुढच्या वेळी साफ करायला दोन मिनिटं लागतात. तोटा? उडतं. कितीही पुसलं तरी पहिल्या दिवशी दोनचार ठिपके येणारच. आणि तीनशे चारशे किलोमीटरला परत मारावं लागतं, पाऊस झाला तर त्याच दिवशी. ज्याला चेनकडे वारंवार बघायचा कंटाळा आहे त्याने या भानगडीत पडू नये.

जळकं ऑइल मात्र नको. इंजिनमधून काढलेल्या ऑइलमध्ये धातूची बारीक भुकटी, काजळी आणि आम्ल असतं, म्हणून तर ते बदललं ना? मग तेच उचलून चेनला का पाजायचं. आणि डब्ल्यूडी-४० नावाचा स्प्रे, त्याच्या नावातला डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणारं, १९५३ मध्ये चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून ४०. त्याच कंपनीचे चेनसाठी वेगळे ल्यूब आहेत ते सोडा, पण साधा निळा-पिवळा डबा धुतल्यावर पाणी हटवायला ठीक, ल्यूब म्हणून तो थर फार पातळ आहे, टिकत नाही.

आता मारायची पद्धत, कारण माझं मत विचाराल तर डब्यापेक्षा इथेच जास्त फरक पडतो.

गाडी फिरवून आणायची, चेन कोमट झाली पाहिजे. मग मेन स्टँड किंवा पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड) घ्या. फक्त साइड स्टँड असेल तर थोडी थोडी पुढे ढकलत करा, वेळ लागतो पण होतं. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवायचं. हे मी दोनदा सांगतो, इंजिन बंद. गिअर टाकून चाक फिरत ठेवून ल्यूब मारणारे मी बघितलेत, फडकं चेनमध्ये अडकलं की त्याच्यामागे बोट जातं आणि स्प्रॉकेटपाशी पोचलेलं बोट परत येत नाही.

साफ करायला रॉकेल आणि नायलॉनचा ब्रश, जुना टूथब्रशही चालतो. तारेचा ब्रश नको, रिंगा कापतो. पेट्रोल, थिनर नको, रबर कडक होतं आणि पेट्रोल पेटतं, गरम सायलेन्सरच्या शेजारी बसून कशाला ही हौस. प्रेशर वॉशरची धार थेट चेनवर धरू नका, पाणी रिंगेच्या आत ढकललं जातं. मग फडक्याने पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या. ओल्या चेनवर मारलं तर पाणी आतच दाबलं जातं.

ल्यूब मारायचा तो आतल्या बाजूने, म्हणजे खालून जाणाऱ्या चेनच्या वरच्या अंगाला, मागच्या स्प्रॉकेटच्या थोडं पुढे. कारण फिरताना तेल बाहेरच्या दिशेला जातं, आतून मारलं तर ते रोलर आणि पट्ट्यांमधून प्रवास करतं, बाहेरून मारलं तर थेट रिमवर. एक फेरी डाव्या पट्ट्यांच्या फटीत, एक उजव्या, एक रोलरवर. फेरी मोजायला एका लिंकला खडूची खूण करायची. मागे पुठ्ठा धरा, टायरवर आणि विशेषतः ब्रेकच्या डिस्कवर एक शिंतोडाही जाता कामा नये. मग थांबा, आणि मग बाहेरून सगळं पुसून टाका. पुसताना वाटतं आपण पैसे पुसतोय, पण जे राहायला हवं ते फटीत राहिलेलं असतं.

साफ झाली की चेन ढिली आहे का तेही बघून घ्या, चाक फिरवत चारपाच ठिकाणी, आणि सगळ्यात टाइट जागेवर मोजा. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला धरा. फार टाइट करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, चाक वर गेलं की चेन अजून ताणली जाते, आणि मग गिअरबॉक्सचं बेअरिंग बिल भरतं. ५२०, ५२५, ५३० या नंबरच्या चेनमध्ये २० पिचची लांबी नवी असताना ३१७.५ मिमी असते, बऱ्याच मॅन्युअलमध्ये ३२३ च्या आसपास बदला असं लिहिलंय. त्याच्यापुढे कितीही भारी ल्यूब आणा, उपयोग शून्य.

मी सध्या काय करतोय? रोजच्या चालवण्यात पारदर्शक स्प्रे रात्री मारतो, आणि लांबच्या राइडला बॅगेत गिअर ऑइलची छोटी बाटली, एक टूथब्रश आणि बनियनच्या चिंध्या. स्प्रेच्या डब्याबरोबर येणारी ती लाल नळी मी आजपर्यंत प्रत्येक वेळी हरवलीय, हल्ली डब्याला रबरबँडने बांधतो. आणि बाटलीचं झाकण कितीही घट्ट लावा, तिला दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळा, नाहीतर तो गंधकाचा वास कपड्यांना चार धुण्यात पण जात नाही.