पिवळ्या निसण्यावर आधी पाण्याचा थेंब टाका

आजोबांनी मुक्तीच्या आधी, पोर्तुगीज अमदानीत, पणजीला घेतलेला जर्मनीतल्या झोलिंगेनचा वस्तरा माझ्याकडे आहे. त्याच्यासाठी चांगला निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, शोधताना मी साडेसहा हजारांना फसलो. पैसे गेले ते गेले, पण वस्तऱ्याचं जे झालं ते अजून सलतंय.

शुक्रवारी म्हापशाला बाजाराला गेलो होतो. येताना रस्त्याकडेला एकजण जुनी हत्यारं मांडून बसलेला दिसला. त्यात एक दगड होता, वर पिवळसर, खाली काळी पाटी. "कोटिक्यूल, बेल्जियमचा," म्हणाला. आर्देन भागात व्हिएलसामच्या आसपास निघणारा हा नैसर्गिक दगड. त्यात गार्नेटचे बारीक कण असतात, आणि वस्तऱ्याला शेवटची धार द्यायला जाणकार तो वापरतात. पिवळा थर पातळ असतो म्हणून खाली पाटी चिकटवतात, एवढं मला ठाऊक होतं. तेच नडलं. सांध्याची रेघ दिसली आणि मी म्हटलं, खराच!

पाणी लावून बघायला गेलो तर त्यानं अडवलं. "नको साहेब, मेणाचा हात दिलाय, घरी जाऊन काढा."

साखळी गावी घरी आल्यावर पाणी टाकलं, ते क्षणात आत जिरलं. खरा कोटिक्यूल घट्ट असतो, पाणी वरच राहतं, तो भिजत घालावा लागत नाही. हे वाचलेलं असूनही मी वस्तरा टेकवला. तीस-चाळीस फेऱ्यांनंतर भिंगातून पाहिलं तर धारेला करवतीसारखे दाते! आणि वस्तरा लावताना पाठही दगडावरच टेकलेली असते, तिच्या जाडीवर धारेचा कोन ठरतो. त्या पाठीवरही खरखरीत चट्टा उमटला. चाकू असा बिघडला तर परत लावता येतो. वस्तऱ्याची झिजलेली पाठ भरून येत नाही.

फोंड्याच्या एका जुन्या नाभिक काकांकडे दोन्ही घेऊन गेलो. त्यांनी दगड हातात फिरवला. "हा कारखान्यातला, सुऱ्या लावायचा. आणि नव्या दगडावर पहिल्यांदा वस्तरा कोण टेकवतो रे? आधी साधा चाकू."

विकत घेण्याआधी दगडावर थेंबभर पाणी टाका. विकणारा पाणी लावू देत नसेल तर तिथून उठा. हौसेला सुरुवात करताना नैसर्गिक दगडाच्या मागे लागूच नका. ४००० आणि ८००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा; आकडा मोठा तितके कण बारीक) जोड असलेला कृत्रिम दगड नावाजलेल्या कंपनीचा, पावतीसकट घ्या. नैसर्गिक दगडावर ग्रिटचा आकडा छापलेला असेल तर त्यावर विसंबू नका, तो फार तर अंदाज असतो. धारेला खाचा पडल्या असतील तरच १००० ची गरज.

माझ्या वस्तऱ्याला पडली. काकांनी १००० वर खाचा काढल्या, मग ४०००, ८०००, शेवटी चामोटीवर, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर, परजला. दोन संध्याकाळी गेल्या. पातं किंचित अरुंद झालंय, पण दाढी गुळगुळीत होते. पुढच्या शुक्रवारी तो विक्रेता तिथं नव्हता, आणि माझ्याकडे पावती नव्हती.