नौपाड्यातला पीएचपीचा रविवारचा क्लास: सर एक नंबर, नोट्स जुनाट

३.५ स्टार. ऐरोलीहून दर रविवारी ठाणे गाठून आठच्या आठ रविवार पूर्ण केलेत, त्यामुळे लिहायचा हक्क आहे. क्लासचं नाव टाकत नाही, कारण सर मनाने चांगले आहेत आणि मला भांडण नकोय. नौपाड्यात राहणाऱ्यांना कळेलच.

मी गेलो होतो पीएचपी या वेबसाइटच्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या फक्त एका टॉपिकसाठी, फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा) डायनॅमिकली कॉल करणं, म्हणजे कोणतं चालवायचं ते प्रोग्रॅम चालू असताना ठरवणं. आमच्या ऑफिसचा जुना कोड त्यानेच भरलाय. हा भाग सरांनी खरंच भारी शिकवला. सगळ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहिली, एक उचलली आणि म्हणाले ज्याचं नाव निघेल त्याने उठून काम करायचं, व्हेरिएबल फंक्शन म्हणजे एवढंच, व्हेरिएबलमधे नाव स्ट्रिंग म्हणजे साधा मजकूर म्हणून ठेवा, पुढे कंस लावा, त्या नावाचं फंक्शन चालतं. मी आगाऊपणा करून स्ट्रिंगमधे 'इको' (स्क्रीनवर मजकूर दाखवायची कमांड) टाकलं तर फेटल एरर, अर्धा तास डोकं खाल्लं. सर हसून म्हणाले, अरे इको फंक्शनच नाहीये, हजेरीपटावर नाव नाही तर उठणार कोण? इसेट, एम्प्टी, अनसेट, इन्क्लूड या भाषेतल्याच शब्दांचंही तेच. हे आता जन्मात विसरणार नाही.

पण नोट्स! झेरॉक्सची झेरॉक्स, आणि त्यात चक्क चार पानं क्रिएट_फंक्शनवर (स्ट्रिंगमधल्या कोडपासून फंक्शन बनवायची जुनी पद्धत). अहो ते पीएचपी ७.२ मधे डेप्रिकेट झालं (वापरू नका असं जाहीर झालं) आणि ८.० मधे काढूनच टाकलं, आतून ते इव्हॅलच करायचं, म्हणजे स्ट्रिंगच कोड म्हणून चालवायचं. क्लोजर (बिननावाची फंक्शन, व्हेरिएबलमधे ठेवता येतात) ५.३ पासून म्हणजे २००९ पासून आहेत, त्यांना अर्धं पान. ७.४ चे अॅरो फंक्शन (क्लोजरचं छोटं रूप) नाहीत, ८.१ मधे फंक्शनच्या नावापुढच्या कंसात तीन टिंबं टाकून थेट क्लोजर मिळतो तो तर सरांना मीच दाखवला (खूश झाले, चहा पाजला).

माझं खरं दुखणं वेगळंच होतं. ऑफिसमधे ७.४ वरून ८ वर गेलो आणि कॉल_युजर_फंक_अॅरे (अॅरे म्हणजे यादीतल्या किमती देऊन फंक्शन चालवणारं) जागोजागी फुटायला लागलं, कारण अॅरेच्या 'की' (key, प्रत्येक किमतीचं लेबल) स्ट्रिंग असतील तर ८ पासून त्या फंक्शनच्या पॅरामीटरची नावं समजल्या जातात, आधी नुसता क्रम बघितला जायचा. अॅरे_व्हॅल्यूज लावून ती लेबलं काढली की सुटतं. एवढी एक ओळ सांगायला क्लासमधे कोणी नव्हतं, घरी बसून शोधलं.

आणि एक गोष्ट अजिबात पटली नाही. डेमोमधे सरांनी फंक्शनचं नाव थेट यूआरएलमधून घेतलं आणि चालवलं. म्हणजे चिठ्ठी रस्त्यावरच्या कोणाच्याही हातात दिली की! उद्या त्याने 'सिस्टम' (सर्व्हरवर कमांड चालवणारं फंक्शन) लिहून पाठवलं म्हणजे? फंक्शन_एक्झिस्ट्स (त्या नावाचं फंक्शन आहे का बघणारं) लावलंय म्हणाले, पण सिस्टमपण एक्झिस्ट करतंच ना. चालणाऱ्या नावांची यादी आपण ठेवायची आणि त्यातलंच चालवायचं, हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं, त्यातली निम्मी तर उद्या नोकरीला लागणार.

एसी ठीक, फी दोन हप्त्यांत घेतात. पीएचपी पहिल्यांदा शिकत असाल तर बिनधास्त जा, नोट्स मात्र घेऊ नका, आपली वही न्या. नवी मुंबईवाल्यांनो, रविवारी मेगाब्लॉक बघून निघा, ट्रान्स हार्बर लोकल बंद असली की विटाव्याला बसमधे अडकून माझा पहिला तास दोनदा बुडालाय.