विमानातली बॅटरी-आगीची पिशवी: घ्यावी, पण काय समजून?

मोबाइल किंवा पॉवर बँक पेटली तर ठेवायला अनेक विमानांत आता अग्निरोधक पिशवी असते, सोबत जाड, लांब हातमोजे. हातमोज्यांना पूर्ण मार्क. पिशवीबद्दल मात्र गैरसमज फार, कारण ती आग विझवत नाही.

आधी प्रवासी बाजूला, सीटची वीज बंद, क्रूला स्मोक हूड (धुरात श्वास घेता यावा म्हणून डोक्यावर चढवायचा; साधारण 15 मिनिटं पुरतो), मग हॅलॉन, म्हणजे विमानातल्या अग्निशामकातला वायू. हॅलॉनने ज्वाळा जातात, पण बॅटरीतला सेल तापलेलाच राहतो. तो शेजारच्या सेलला पेटवतो आणि पुन्हा भडका उडतो. म्हणून लगेच भरपूर पाणी. कमी पडलं तर ज्यूस, सोडा, काहीही, दारू सोडून. बर्फ नको, त्याच्या थराखाली उष्णता कोंडते. धूर येत असताना वस्तू उचलून पिशवीत घालणं म्हणजे पेटला सुतळी बॉम्ब हातात घेणं. फोन सीटच्या फटीत अडकला असेल तर सीट हलवूच नये, चेपला की पेटतो.

घेताना चेन बघा. जाड मोज्यांत बारीक चेन सापडत नाही; रुंद वेल्क्रोची झडप बरी. मोठा लॅपटॉप मावायला हवा. वायू बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर पिशवी फुगून शिवण उसवते. यूएल 5800 (बॅटरीची आग कोंडणाऱ्या अशा वस्तूंसाठीचं मानक) चाचणीचा अहवाल मागाच. ‘एफएएप्रमाणित’ असं लिहिलेलं असेल तर विक्रेत्याला दोन प्रश्न जास्त विचारा: एफएए, म्हणजे अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था, अशा पिशव्या प्रमाणित करत नाही.